उतारा

करंजपूर शहरात एखाद्या गल्लीत गतिरोधक घालायचा, तर आधी दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीत जाऊन तिथल्या रहिवाशांची संमती आणावी लागत असे. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून हसू यायचं. करंजपूरच्या लोकांना येत नसे, कारण त्यांना या नियमामागचं कारण ठाऊक होतं.

ते यशोधराबाई बोंद्रे यांनाही ठाऊक होतं. पण ऐकून ठाऊक असणं वेगळं आणि संमती मागायला स्वतः परक्याच्या दारात उभं राहणं वेगळं. बाई आंबराई कॉलनीच्या नगरसेविका. त्याआधीचं अर्धं आयुष्य त्यांनी कॉलनीतच बालवाडी चालवण्यात घालवलं होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावर कायम दुतर्फा गाड्या उभ्या असत. काही दवाखान्यात येणाऱ्यांच्या, काही मंगल कार्यालयात येणाऱ्यांच्या, आणि बऱ्याचशा कॉलनीतल्याच, ज्या घरांत माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या होत्या त्यांच्या. अशाच दोन गाड्यांच्या फटीतून गार्गी गोडखिंडी ही लहान मुलगी रस्त्यावर आली. तिला जीप दिसली नाही आणि जीपवाल्याला ती दिसली नाही.

गार्गी बाईंच्या बालवाडीतली. डबा उघडला की आधी शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते बघायची आणि मग आपला खायची. तिच्या मागे तिच्या आईने, शलाकाने, रडणं थांबवलं आणि एक वेगळंच काम सुरू केलं. शाळा सुटायच्या वेळी ती कोपऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि मुलं आली की हिरवी ओढणी हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. गाड्या थांबायच्या. मुलं पलीकडे गेली की ती परत खुर्चीत. कॉलनीतल्या कोणाचीही तिला नको म्हणायची हिंमत झाली नाही. निवडणूक आली तेव्हा लोकांनी यशोधराबाईंना आग्रह करून उभं केलं, आणि त्या एकाच आश्वासनावर निवडून आल्या. हा कोपरा सुरक्षित करायचा, म्हणजे ती खुर्ची तिथून उठेल.

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या डॉ. निरंजन केळुसकरांकडे गेल्या. महापालिकेच्या वाहतूक विभागात हे एकटे शास्त्रज्ञ होते. बाकी सगळे अभियंते. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर शहराचा नकाशा सतत हलत असायचा. शहरातल्या प्रत्येक गाडीचा वेग आणि ब्रेक आता रस्त्याकडेच्या खांबांना आपोआप कळत असे. खांबांकडून ती माहिती इथे यायची. या सगळ्या यंत्रणेला महापालिकेत ओघयंत्र म्हणत. मोठ्या शहरांतल्या हमरस्त्यांवर चालकाविना धावणाऱ्या गाड्या आल्या होत्या, पण करंजपूरच्या गल्ल्यांत, म्हशी, हातगाड्या आणि पाण्याचे टँकर यांच्या गर्दीत, स्टिअरिंग अजून माणसाच्याच हातात होतं.

बाईंनी आपलं काम सांगितलं. एका बाजूचं पार्किंग बंद करायचं, रस्ता ओलांडायला उंचवट्याचे पट्टे करायचे, आणि मधूनच घुसणाऱ्या गाड्यांना कॉलनीतून वाट द्यायची नाही. साधं काम आहे, असं त्या म्हणाल्या.

केळुसकर मितभाषी होते, पण या विषयावर बोलायला लागले की समोरच्याला समजेपर्यंत सोडत नसत. त्यांनी बाईंना विचारलं, की गतिरोधकावर गाडी हळू करावी लागली तर पुढे गेल्यावर त्या काय करतात. बाई म्हणाल्या, काही नाही, नेहमीसारखी चालवते. केळुसकरांनी मान हलवली. सगळ्यांना तसंच वाटतं, ते म्हणाले. पण खांब वेगळं सांगतात. चालकाचा जो वेळ एका ठिकाणी जातो तो त्याचं शरीर पुढे भरून काढतं, त्याच्या मनाला पत्ताही लागत नाही. पुढच्या वळणावर तो किंचित कमी वळून बघतो. सिग्नल पिवळा असताना किंचित जास्त दाबतो. पार्किंग बंद केलं तर ते गाडीवाले दुसऱ्या गल्लीत जागा शोधत फिरतात, आणि जागा शोधणाऱ्या माणसाचे डोळे रस्त्यावर नसतात, कडेच्या फटींवर असतात.

"बंद नळीतलं पाणी असतं ना, तशी शहराची घाई असते," ते म्हणाले. "इथे दाबली की तिथे फुगते. एकूण घाई तेवढीच राहते. आणि घाई जिथे फुगते तिथे धोका फुगतो."

शास्त्रात याला घाईची अक्षय्यता असं नाव होतं. ओघयंत्राला इतकं नेमकं समजत असे, की एका गल्लीतून काढलेला धोका कुठल्या गल्लीत जाऊन बसेल हे ते आधीच दाखवायचं. लोकांनी मात्र आपला शब्द शोधला होता. आजारी माणसावरून नारळ-लिंबू ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवतात, म्हणजे जो ते ओलांडेल त्याच्या अंगावर ते दुखणं जातं, अशी पूर्वापार समजूत. त्याला उतारा म्हणतात. केळुसकरांच्या शोधालाही लोक उताराच म्हणू लागले. आपल्या गल्लीतून काढायचं आणि दुसऱ्याच्या तिठ्यावर ठेवायचं. फरक इतकाच, की आता ती समजूत राहिली नव्हती, ते गणितात बसत होतं. म्हणूनच तो कायदा आला होता. जिच्या दारात उतारा पडणार, त्या गल्लीला आधी विचारा.

बाईंनी विचारलं, मग घाईच कमी करता येणार नाही का. केळुसकर म्हणाले, येईल, पण ती रस्त्यावर जन्मत नाही. ती शाळेच्या घंटेत जन्मते, कारखान्याच्या हजेरीत जन्मते, घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असतं त्यात जन्मते. त्यांनी कारखानदारांना पाळ्यांच्या वेळा पुढेमागे करायची विनंती करून पाहिली होती. चहा देऊन त्यांना वाटेला लावण्यात आलं होतं.

मग त्यांनी नकाशावर आंबराईचा कोपरा निवडला आणि बाईंनी मागितलेले बदल भरले. तिथला धोक्याचा लाल ठिपका विझला आणि जरा दक्षिणेला एक नवा ठिपका हळूहळू लाल झाला. तालीम गल्ली.

बाई उठता उठता म्हणाल्या, की निदान शलाका तिथे उभी असते तेवढा वेळ तरी कोणाचं नुकसान होत नाही. केळुसकरांनी नजर वळवली.

"तिच्या ओढणीचाही उतारा आहे, बाई," ते म्हणाले. "मी तो मोजतो. तिला सांगत नाही."

तालीम गल्ली आंबराईपासून लांब नव्हती, पण बाई तिथे फारशा कधी गेल्या नव्हत्या. चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना उघडी गटारं, मध्ये एक जुनी कुस्तीची तालीम आणि तिचे पत्रे गळके. सभा तालमीतच झाली. लोक लाल मातीच्या हौद्याभोवती बसले. बाईंनी नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. आंबराईतला धोका इकडे येईल. दोन-तीन वर्षांत एखादा गंभीर अपघात, कदाचित मृत्यू, जो एरवी झाला नसता. बदल्यात गटारं झाकून देऊ, तालमीचे पत्रे बदलून देऊ. असा मोबदला देण्याची कायद्यात मुभा होती आणि बहुतेक संमत्या अशाच मिळत.

लोक आपापसांत बोलू लागले. गटारात दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच, असं एक जण म्हणाला. पोरांना तालमीचं छप्पर हवं होतं. बाईंना वाटलं, होतंय. आणि होतंय असं वाटताक्षणी त्यांनी समोर बसलेल्या मुलांवरून नजर काढून घेतली.

तेव्हा राजाक्का चौगुले बोलल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती आणि त्या तशाच उठून आल्या होत्या, कोपरापर्यंत हात पांढरे.

"बाई, माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त नाव सांगा. कुणाचं जाणार हाय? मी स्वतः त्याच्या घरात जाऊन विचारून येते, तुझं देऊ का म्हणून. तो हो म्हटला तर माझाबी अंगठा घ्या."

बाईंनी सांगितलं की नाव कोणालाच माहीत नसतं, यंत्रालाही नाही.

"मग आम्ही हो म्हणायचं ते कुणाच्या वतीनं?" राजाक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर कोणी छपराचा विषय काढला नाही. बाया आपल्या मुलांना जवळ ओढून बसल्या, जणू आत्ताच कोणी त्यांतलं एक निवडून नेणार होतं. संमती मिळाली नाही. परत येताना बाईंना राजाक्कांचा राग आला नाही. उलट, आपणही त्यांच्या जागी हेच बोललो असतो, असं वाटलं, आणि त्यामुळे कोपऱ्यावरच्या खुर्चीजवळून जाताना त्यांना शलाकाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

केळुसकरांनी यंत्रात आणखी काही रचना करून पाहिल्या. उतारा बुरूड गल्लीकडे वळवता येत होता, दूध डेअरीच्या चौकाकडे येत होता, जुन्या नाक्याकडे येत होता. प्रत्येक ठिकाणी सभा घ्यावी लागणार होती आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या राजाक्का असणार होत्या. त्या पावसाळ्यात शलाका छत्री न घेता उभी राहायची, कारण एका हातात छत्री असली की ओढणी नीट दिसत नाही. एकदा एक टेम्पो घसरत येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ती हलली नाही. टेम्पोवालाच खाली उतरून फुटपाथवर बसला आणि रडला. यशोधराबाईंनी हे गॅलरीतून पाहिलं आणि तशाच केळुसकरांकडे गेल्या.

"काहीही करा," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी करा."

केळुसकरांनी पडद्यावरचा नकाशा थांबवला. मग त्यांनी सांगितलं की एक मार्ग आहे, पण त्यांनी तो आजवर कोणाला सुचवला नाही. कायद्यात एक किमान मर्यादा होती. एखाद्या गल्लीत येणारा धोका फारच क्षुल्लक असेल, तर तिची संमती लागत नाही. नाहीतर कडेचा एखादा खड्डा बुजवायलाही सभा घ्यावी लागली असती. आता उतारा एका गल्लीत न टाकता तो सगळ्या शहरावर पसरवला तर? कुठे सिग्नलची वेळ जराशी बदलायची, कुठे पार्किंगची रेघ हातभर सरकवायची. प्रत्येक गल्लीच्या वाट्याला इतका पातळ अंश येईल, की तो मर्यादेच्या खाली राहील. त्यांनी या रचनेला विखुरणी असं नाव दिलं होतं.

"म्हणजे धोका नाहीसा होतो?" बाईंनी विचारलं.

"नाही. पसरवताना थोडा वाढतोच. मरायचं ते माणूस मरतंच. फक्त कुठल्या गल्लीतलं ते यंत्रालाही सांगता येत नाही."

"आणि कुणाला विचारावंही लागत नाही."

"नाही."

बाईंनी त्या क्षणी हो म्हटलं नाही. घरी गेल्या, भाकऱ्या केल्या, नवऱ्याला वाढल्या, स्वतः जेवल्या नाहीत. त्यांना सारखं वाटत होतं की तालमीत जाऊन समोर बसून मागणं हे यापेक्षा सभ्य होतं. पण तिथे नाही म्हणायला माणसं होती. इथे नाही म्हणायला कोणीच नव्हतं, आणि कोपऱ्यावर शलाका होती, जिला त्या ओळखत होत्या. ओळखीचं माणूस एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात कोणीही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रस्ताव दिला. प्रभाग समितीत तो चर्चेविना मंजूर झाला.

महिनाभरात आंबराईचा कोपरा ओळखू येईनासा झाला. एका बाजूच्या गाड्या गेल्या आणि रस्ता रुंद दिसू लागला. पट्टे झाले. मुलं संध्याकाळी रस्त्यातच बॅडमिंटन खेळू लागली. शलाकाने एक दिवस खुर्ची उचलून घरात नेली. ती पेढे घेऊन आली, पण बाईंच्या हातावर पेढा ठेवताना तिचा चेहरा तसाच होता, आणि बाईंच्या लक्षात आलं की या बाईला आता संध्याकाळी करायला काहीच उरलेलं नाही.

इतर नगरसेवकांना ही युक्ती कळायला वेळ लागला नाही. सभा नको, मोबदला नको, भांडण नको. प्रत्येक प्रभागाने आपापला लाल ठिपका विखरून टाकला. मर्यादा प्रत्येक प्रस्तावाला वेगळी मोजली जात होती. सगळ्या प्रस्तावांची बेरीज करून बघायची तरतूद कायद्यात नव्हती. केळुसकरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की नागरिकांच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या आहेत.

हे खरं होतं. एक दिवस केळुसकरांनी बाईंना बोलावून नकाशा दाखवला. त्यावर एकही लाल ठिपका नव्हता. सगळं शहर एकसारखं फिकट पिवळं दिसत होतं, हळदीचं बोट बुडवलेल्या पाण्यासारखं. माणसं पूर्वीपेक्षा थोडी जास्तच मरत होती, पण आज इथे, उद्या तिथे, कधी भर चौकात, कधी आजवर कधीच काही घडलं नाही अशा बोळात. पूर्वी एखाद्या वळणावर दोघे-तिघे गेले की लोक रस्ता अडवायचे, फलक घेऊन महापालिकेवर यायचे. आता बोट दाखवायला जागाच नव्हती. घरातलं माणूस गेलं की लोक नशीब म्हणायचे आणि गप्प बसायचे. अपघातप्रवण ठिकाणांपासून मुक्त झालेलं पहिलं शहर म्हणून करंजपूरला दिल्लीत पारितोषिक मिळालं. त्या समारंभाला केळुसकर गेले नाहीत.

यशोधराबाईंना एक सवय लागली. कुठेही अपघात झाल्याचं कानावर आलं की त्या केळुसकरांना फोन करून विचारायच्या, हा आपला होता का. ते दर वेळी सांगायचे की असं विचारता येत नाही. वाटीभर रंग तलावात टाकल्यावर ओंजळीतला रंग कुठल्या वाटीतला ते कसं सांगणार. बाईंना हे समजायचं, आणि पुढच्या अपघाताला त्या पुन्हा फोन करायच्या.

थंडीच्या दिवसांत त्यांच्या कार्यालयात इब्राहिम नदाफ आले. महापालिकेच्या शहर बसवर चालक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या पत्नी हमीदाबी सकाळी दुधाला म्हणून बाहेर पडल्या आणि बुरूड गल्लीत दारासमोरच स्कूटरची धडक बसून गेल्या. स्कूटर चालवणारा मुलगा चांगल्या घरातला होता, वेग फार नव्हता, स्वतःच त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेला होता. नदाफांची त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती. त्यांना फक्त दारासमोर पट्टे आणि एक गतिरोधक हवा होता. ते आधी वाहतूक विभागात जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाने पडदा बघून सांगितलं होतं, की तुमची गल्ली सुरक्षित आहे.

"माझी बायको गेली तिथं, आणि हा म्हणतो सुरक्षित हाय," नदाफ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

बाईंना सांगता आलं असतं की बघते, करते. रोज कितीतरी जणांना त्या तसं सांगत. पण त्यांनी उठून दार लावलं आणि पुन्हा बसून सगळं सांगितलं. गार्गी, ती खुर्ची, तालमीतली सभा, विखुरणी. आंबराईतून काढलेल्या धोक्याचा एक अंश बुरूड गल्लीत आला होता, हेही सांगितलं.

नदाफ ऐकत होते. त्यांचे हात टेबलावर होते आणि बोटं किंचित वळलेली, इतकी वर्षं स्टिअरिंग धरून राहतात तशी.

"म्हणजे ती तुमच्यामुळं गेली," ते म्हणाले.

"माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. पण नाही असं मी म्हणू शकत नाही."

बाईंना वाटलं आता हा माणूस उठेल, शिवी देईल, निदान दार आपटून जाईल. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. नदाफ बसून राहिले. बाहेर शिपायाने कोणाला तरी थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग नदाफांनी विचारलं की त्यांच्या दारातला गतिरोधक केला तर तोही असाच पसरणार का. बाई हो म्हणाल्या. तुमच्याकडून जे जाईल ते सगळ्या शहरावर जाईल, कोणालाही न विचारता.

"लई पातळ?"

"खूप पातळ. पण कुठेतरी..."

"कळलं मला." त्यांनी बाईंकडे बघायचं टाळलं. "नातू हाय माझा. आजीच गेल्यामुळं आता दूध आणायला तोच जातो, तिथनंच. करा तुम्ही."

बाईंना नाही म्हणावंसं वाटलं. कोणत्या तोंडाने म्हणणार होत्या? त्यांनी टेबलावरचा पडदा जवळ ओढला आणि बुरूड गल्लीचा प्रस्ताव भरला. यंत्राने लगेच उत्तर दिलं, की कोणत्याही गल्लीची संमती आवश्यक नाही. मग नियमाप्रमाणे ज्या ज्या गल्ल्यांवर अंश जाणार होता त्यांची नावं खालून वर सरकू लागली.

हा भाग सहसा कोणी वाचत नसे. नदाफ चष्मा लावून वाचू लागले. या शहरातली गल्ली न् गल्ली त्यांच्या बसच्या एखाद्या थांब्याला येऊन मिळत होती. त्यांचे ओठ हलत होते. वेताळ चौक, मग शिंपी बोळ, मग घाटाची वाट. एका नावापाशी ते थांबले, बहुधा तिथे कोणाची तरी आठवण असावी, कोणी रोज त्याच थांब्यावर हात करणारं, कोणी उतरताना डबा विसरणारं. नावं सरकतच होती.

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग ते तसेच पडद्याकडे बघत बसून राहिले, सगळी नावं वर जाईपर्यंत.